तिसऱ्या भागाचं शेवटचं पान

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नव्हतं. आमच्या अभ्यासवर्गाचा नियमच तसा आहे, इथं बोललेलं इथंच राहील. दर गुरुवारी प्रार्थना झाली की कुणीतरी तो नियम म्हणतं आणि सगळे माना डोलावतात. मला पाठ आहे, पोट आहे, पण मान नाही. त्यामुळे मी कधी डोलावली नाही, आणि आता बोललो तर वचन मोडलं असं मला कुणी म्हणू शकणार नाही. तरीही जरा हळूच बोलतो.

मी एक पुस्तक आहे. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याचा अर्थ मी समजावून सांगतो. मूळ पुस्तकात अध्याय पन्नासच आहेत, पण समजावता समजावता माझी पानं हजाराच्या वर गेली. मला एका हातानं उचलता येत नाही. म्हणून वर्गातली मंडळी मला जाडोबा म्हणतात. सुरुवातीला राग यायचा, आता हाक मारली की बरं वाटतं.

छापखान्यात माझा जन्म झाला. मोठे कागद छापून, घड्या घालून सोळा सोळा पानांची जुडी केली. या जुडीला छपाईवाले फॉर्मा म्हणतात. एका फॉर्म्याला दुसरा शिवत नेला, पाठीला खळ लावली, वर निळा पुठ्ठा चढवला. फॉर्मा हा शब्द लक्षात असू द्या. पुढं त्यानंच घात केला.

मला विकत घेतलं ते दोन बहिणींच्या आईनं. अभ्यासवर्ग तिनंच सुरू केला होता. बाइंडरमामांच्या दुकानामागच्या खोलीत वर्ग भरायचा, अजून भरतो. एका भिंतीला पुठ्ठ्यांची चळत, दुसऱ्या भिंतीला कागद कापायचं मशीन, आणि मधे बाकं. आई मला कडेवर लेकरू घ्यावं तशी घेऊन यायची. ती माझ्यातला एक प्रश्न वाचायची आणि मला चक्क मिटून ठेवायची.

"उत्तर जाडोबाकडं आहे," ती म्हणायची, "ते कुठं पळून जात नाही. आधी तुमच्या पोटात काय आहे ते सांगा."

मग कुणी नखं बघायचं, कुणी छत. आई वाट बघायची. मी एवढी उत्तरं पोटात घेऊन गप्प बसायचं, हे मला आधी फार लागायचं. पण लोक बोलायला लागले की ते माझ्यात नसलेलंच काहीतरी बोलायचे.

पुढं आईची नजर अंधुक झाली, तिनं मला सरांकडं दिलं, आणि एका दुपारी ती गेली. तेव्हा मी सरांच्या कपाटात होतो. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आमच्या वर्गातले विद्वान. त्यामुळे आईच्या खोलीत काय झालं ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच कळलं की धाकटी पोहोचली तेव्हा सगळं संपलं होतं, आणि थोरलीनं तिला फोनच केला नव्हता.

धाकटी एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून देते.

त्या दिवसापासून बहिणी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. पण वर्ग दोघींपैकी कुणीच सोडला नाही, कारण तो आईचा. एक दाराजवळच्या बाकावर बसायची, दुसरी खिडकीपाशी. वारा आला की धाकटी सरांना म्हणायची, "तिला सांगा, खिडकी लावा." सर वळून म्हणायचे, "खिडकी लावा म्हणतायत." थोरली खिडकी लावून म्हणायची, "लावली म्हणावं." दोघींच्या मधे फार तर चार हात अंतर होतं.

मला हे पाहून धक्काच बसायचा. माझी पानं भावाभावांच्या भांडणांनी भरलेली आहेत. ती मोठ्यानं वाचायची, त्यावर मान डोलवायची, आणि मग खिडकीचा निरोप तिसऱ्याकडून पाठवायचा?

आईमागं वर्गाला आणखी एक खोड लागली. ज्याच्या घरी मी, त्यानं वर्ग घ्यायचा. सर मला न्यायचे आणि परत आणायचं विसरायचे. कुणी काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायचे, "जाडोबा असं म्हणतो." झालं, चर्चा संपली. माझ्या नावावर किती जणांची तोंडं बंद झाली, ते आठवलं की अजून पानं आखडतात. शेवटी मी कुणाच्या घरी जायचं यावरून रीतसर भांडण पेटलं.

बाइंडरमामा खळीचा हात पुसत म्हणाले, "एवढं काय त्यात? वाटून टाकू त्याला."

"वाटून म्हणजे?" सरांनी विचारलं.

"पाच भाग करतो. पाच घरांत पाच. ज्याच्या भागातला धडा, त्यानं वर्ग घ्यायचा."

मला वाटलं थट्टा चाललीय. मामांनी मला उताणं पाडलं, पुठ्ठा सोलून काढला आणि पाठीचा दोरा सुरीनं कापला. वेदना झाली का, ते सांगता येणार नाही. आश्चर्यच इतकं झालं, की बाकी काही जाणवलं नाही. ज्या हातांनी इतरांची पुस्तकं जोडली, त्याच हातांनी मला तोडावं आणि वर शीळ घालावी.

मामांनी बाइंडरच्या सवयीनं फॉर्मे मोजले आणि पाच सारख्या थप्प्या केल्या. कुठला अध्याय कुठं संपतो ते त्यांनी पाहिलंच नाही. बाइंडरला फॉर्मा दिसतो, वाक्य दिसत नाही.

मग भाग निवडायची वेळ आली. थोरली पटकन म्हणाली, "मला तिसरा द्या. त्यात स्वर्गाच्या शिडीचं स्वप्न आहे, आईला फार आवडायचं." धाकटीनं सरांमार्फत कळवलं, "तिला सांगा, चौथा मी घेतला. घरच्यांनी टाकलेल्या योसेफाची गोष्ट आहे त्यात."

माझ्या पाच तुकड्यांतला मी नेमका कुठल्या तुकड्यात उरलो? यावर पूर्वी मी कधी विचार केला नव्हता. डोळे उघडले तेव्हा मी थोरलीच्या घरी, शिवणयंत्राशेजारी होतो. म्हणजे तिसऱ्यात.

थोरली शाळांचे गणवेश शिवते. मी कापडावर वजन म्हणून बसलो, माझ्या कडांना खडूच्या रेघा लागल्या. पण ती मला रोज वाचायची. एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटे. ती शिडीची पानं सावकाश वाची, आणि त्याच्या आधीची काही पानं एकदम उलटून टाकी. त्या पानांत आंधळ्या बापाची गोष्ट आहे. बाप थोरल्या मुलाला, एसावाला, शेवटचा आशीर्वाद देणार असतो. धाकटा याकोब भावाचे कपडे घालून पुढं होतो, "मीच एसाव" म्हणतो, आणि आशीर्वाद घेऊन जातो. मला वाटलं, तिला खोटेपणाचा तिटकारा असेल.

थोरलीची वर्ग घ्यायची पाळी आली. धडा होता, वर्षांनंतर दोघे भाऊ समोरासमोर येतात तो. आदल्या दिवसांत घरी तयारी करताना ती वाचत वाचत माझ्या शेवटच्या पानावर आली. तिथं लिहिलं आहे: "याकोबाने वर पाहिले, तो एसाव चारशे माणसे घेऊन येत होता. वाचकाने येथे थांबून विचार करावा. ज्याच्यावर अन्याय झाला, तो मनुष्य समोर येतो तेव्हा त्याच्या मनात"

तिनं पान उलटलं. पुढं मामांनी चिकटवलेला कोरा कागद. तिनं तो उजेडात धरून पाहिला, कोपरा नखानं उचकटूनही पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन दुकानात गेली. "मामा, माझं वाक्य अर्धंच आहे."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. पान पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "चुकलंच माझं. उरलेलं वाक्य चौथ्या भागात गेलं."

"तुम्ही आणून द्या ना तिच्याकडून."

"मी बाइंडर आहे, पोस्टमन नाही. अन् चार हातांवर तर बसता तुम्ही."

थोरलीनं मला मिटलं. मला पिशवीत टाकून घरी आली आणि बाह्या शिवत बसली. एक बाही उलटी लागली, तिनं ती उसवली.

गुरुवारी खोली भरली. थोरलीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. एसाव चारशे माणसं घेऊन येत होता इथवर आवाज ठीक होता. "...समोर येतो तेव्हा त्याच्या मनात," असं म्हणून ती थांबली. मग मला मिटून मांडीवर ठेवलं, अगदी आई ठेवायची तसं. तिला दुसरं सुचलं नसावं.

सगळ्यांच्या माना धाकटीकडं वळल्या. चौथा भाग तिच्या हातात होता, पहिल्याच पानावर उघडलेला. तिनं वाचायला तोंड उघडलं. पण तिनंही तो मिटला.

"त्याच्या मनात काय असतं ते मी सांगते," ती म्हणाली. "त्याच्या मनात असतं, की मला का नाही बोलावलं. जेवताना असतं, झोपताना असतं. समोरचा फोन वाजला तरी असतं. आईजवळ शेवटी ती होती, मी नाही. एवढंच असतं, दुसरं काही नाही."

सरांनी "जाडोबा" एवढं म्हटलं. मामांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तेव्हा ते गप्प झाले.

थोरली माझ्या कडेवरची खडूची रेघ बोटानं पुसत राहिली. "फोन हातात घेतला होता मी," ती म्हणाली. "तुला बोलावलं, तर आई चाललीय हे खरं होईल असं वाटलं. ठेवून दिला. मग आईनं विचारलं, धाकटी आली का?"

धाकटी तिच्याकडं बघत होती. किती दिवसांनी सरळ बघत होती.

"मी म्हटलं, हो आई, आले."

खोलीत कुणी हललं नाही. माझं मात्र पानन् पान हललं.

"तिनं माझा हात चाचपला. सुया टोचून टोचून माझी बोटं खरबरीत, तिला लगेच कळली असती. मी मूठ मिटून घेतली. मग तिनं डोक्यावर हात ठेवला, आणि तुझं नाव घेऊन आशीर्वाद दिला. माझ्यासाठी नव्हता तो. मी घेऊन बसलेय. परत कसा द्यायचा, कळत नाही."

मी हादरून गेलो. अंधुक नजर, चाचपलेला हात, दुसऱ्याच्या नावानं घेतलेला आशीर्वाद. ज्या गोष्टीचा अर्थ मी जन्मभर पानोपान समजावला, ती माझ्या मालकिणीनं जगली होती, आणि मला पत्ता नव्हता. शिडीसाठी तिनं मला निवडलंच नव्हतं. ती पानं दुसऱ्या कुणाच्या हाती पडू नयेत, म्हणून निवडलं होतं. मला उत्तरं माहीत आहेत, असा मला केवढा गर्व होता.

 वाऱ्यानं पुठ्ठ्यांच्या चळतीवरचे कागद फडफडले.

"ताई," धाकटी म्हणाली, "खिडकी लाव."

सर सवयीनं निरोप द्यायला वळले, आणि तोंड तसंच उघडं ठेवून बसले. थोरलीनं खिडकी लावली. मग ती परत आपल्या बाकावर गेली नाही. धाकटीशेजारी बसली आणि आईचे शब्द तिच्या कानात, एकेक करून, सांगितले. मी तिच्या मांडीवर होतो, म्हणून मलाही ऐकू आले.

दोघींनी मला आणि चौथ्याला मामांपुढं ठेवलं. मामांनी यावेळी शीळ घातली नाही. आम्हा दोघांना एका दोऱ्यात शिवलं, पाठीला खळ लावली आणि वर वजन ठेवलं. सध्या मी तिथंच वाळतोय. अर्धं वाक्य आता पुरं झालंय. "नेहमी सूडच असतो असे नाही," असं आहे पुढं. वाक्य बरं आहे. पण धाकटी जे बोलली त्यापुढं ते मला फिकं वाटलं. म्हणून एक विनंती करतो. माझ्यासारखी पुस्तकं जरूर वाचा, पण प्रश्नाशी थोडं थांबा, आम्हाला जरा मिटून ठेवा.

पायऱ्यांवर पावलं वाजतायत. "मामा, जाडोबा वाळला का? ताई खाली थांबलीय." धाकटीचा आवाज. आता वजन निघेल, मी पिशवीत जाईन आणि नियम पुन्हा लागू होईल. तेवढ्यात आशीर्वाद सांगूनच टाकतो. आई म्हणाली होती, माझी धाकटी जिथं जाईल तिथं