लेक अडीच तासांवर

इटलीतल्या तोरिनोहून माहेरगावाजवळचं बाकाऊ दीड हजार किलोमीटर, आणि विमानाला लागतात अडीच तास. झेनोवियाने आईला हे इतक्यांदा ऐकवलं होतं की साफ्ता म्हातारी गावभर तेच मिरवत सुटायची. "माझी लेक इटलीत असली म्हणून काय झालं? अडीच तासांवर आहे. तुमच्या सुनांना शेजारच्या गावातून यायला दिवस लागतो!"

विमान आठवड्यातून दोनदाच उडतं, मंगळवारी आणि शनिवारी. शिवाय झेनोविया ज्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना, सिन्योरा इवेल्दांना, सांभाळते, त्यांना तासभरही एकटं सोडता येत नाही. यातलं अक्षरही तिने आईला कधी सांगितलं नाही. म्हातारीच्या जिवाला उगाच घोर कशाला?

एका शनिवारी दुपारी शेजारच्या प्रोफिरामावशीचा फोन आला.

"झेनोविया, आईचं काही खरं नाही बघ. मेणबत्ती पेटवून हातात देतेय, तर ढकलून देते. म्हणते, माझी लेकच धरेल."

मरणाऱ्याच्या हातात जळती मेणबत्ती हवीच. नाहीतर पलीकडची सगळी वाट अंधारात चाचपडावी लागते. बापाच्या हातात झेनोवियानेच धरली होती. पण आजचं विमान सकाळीच गेलं होतं. दुसऱ्या शहरातून जावं, तर सिन्योरांजवळ थांबायला कुणी नाही, त्यांचा मुलगा सोमवारपर्यंत समुद्रावर सुट्टीला.

"मावशी, तिला सांग, मी निघाले."

"खरंच निघालीस?"

"सांग ना गं! तेवढाच तिला धीर."

मंगळवारी विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर उतरलं. चाकं टेकली तशा नेहमीप्रमाणे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झेनोवियाचे हात मांडीवरच राहिले.

घरात शवपेटीभोवती मेणबत्त्याच मेणबत्त्या होत्या. आता काय करायच्या होत्या त्या? प्रोफिरामावशी दारातच तिच्या गळ्यात पडली.

"तू निघालीस म्हटल्यावर काय खुलली गं ती! मला म्हणाली, विझव ती मेणबत्ती, फुकट जळतेय, लेक येईपर्यंत पुरायला हवी. मी विझवली. मग घड्याळाकडे डोळे लावून पडली. अडीच तास झाले तशी म्हणाली, फाटक वाजलं, बघ. वाजलं नव्हतं गं, पण मी गेले बघायला. अंगणात कुणी नव्हतं. परत येते तर..."

मावशीने खिडकीकडे बोट दाखवलं.

ती मेणबत्ती अजून तिथेच होती, जेमतेम पेरभर जळलेली. झेनोविया तिच्याकडे बघत राहिली. आपल्या तोंडानेच आपण ती विझवली, हे आता कुणी सांगायला नको होतं.

अंगणातल्या बाकावरून एका म्हाताऱ्याने सवयीने विचारलं, "किती वेळ लागला गं पोरी विमानाला?"

"अडीच तास," झेनोविया म्हणाली आणि उंबऱ्यावरच खाली बसली.