तिरपा एक्स-रे

बेल्ह्यातल्या डॉ. रत्नाच्या दवाखान्यात, प्रतीक्षेच्या बाकासमोर फ्रेम करून लावलेला एक्स-रे कुशाबाच्या वरच्या उजव्या दाढेचा होता. खाली नाव नव्हते. पण ती दाढ आपली असल्याचे कुशाबाने साऱ्या बैलबाजारात सांगून ठेवले होते. रूट कॅनाल करून घेतल्यावर चौथ्या महिन्यात तो ती फ्रेम उतरवायला आला.

चित्र देखणे होते यात शंका नाही. तीन मुळे, तीन नलिका आणि प्रत्येक नलिकेत टोकाच्या अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबलेली सलग पांढरी रेघ. रत्नाने गट्टापर्चा हा रबरासारखा पदार्थ नलिकेतच तापवून, मऊ करून दाबून बसवला होता. भिंतीलगत उरलेल्या सूक्ष्म फटी, ओलाव्यातच घट्ट होणाऱ्या नव्या सिमेंटने बंद केल्या होत्या. गट्टापर्चाच्या थंड काड्या शेजारी शेजारी खोचण्याच्या जुन्या पद्धतीत मध्ये पोकळ्या राहत. इथे एकही दिसत नव्हती.

कुशाबा बैलांचा दलाल. जनावराचा खालचा ओठ ओढून दोनदाती, चारदाती की सगळे दात येऊन जुळला, हे पाहून वय सांगणे, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. त्याच्या शब्दावर लोक बैल घेत आणि अलीकडे त्याच्याच शब्दावर दवाखान्याची पायरीही चढू लागले होते. दाढ दुखली की उपटायची, एवढाच उपचार इथे माहीत होता. दाढ वाचवता येते यावर लोकांचा विश्वास बसला तरच रत्नाचा दवाखाना चालणार होता.

तो बाजाराच्या दिवशीच आला. गाल सुजलेला होता. बाकावरच्या पाच जणांसमोर त्याने सांगितले की दाढ काढायची आहे, आणि भिंतीवरचे ते चित्रही.

निमगाव साव्याचे गेणभाऊ स्वतःची दाढ धरून बसले होते. "कुशाबा, दाढ इकाया काढली का काय?"

"घेतली व्हती. परत द्याया आलोय."

रत्नाने त्याला आत नेले. दाढेवर आरशाच्या दांड्याने ठोकताच तो दचकला. ती म्हणाली, दोष शेजारच्या दाढेत असावा. शेजारच्या दाढेला बर्फ लावून पाहिला. ती निरोगी निघाली. मग ती म्हणाली, गालाच्या हाडातली पोकळी सुजली असावी. विकणाऱ्याचे बोलणे ऐकावे तसे कुशाबा हे ऐकत होता.

"दातांवर कानस मारलेला म्हातारा बैल समोरनं तरणाच दिसतो," तो म्हणाला. "म्या त्याची मान वळवून बघतो. तुमी माझी वळवली व्हती का, म्याडम?"

त्याचा तर्क चुकीचा होता. आत काही भरलेच नाही, असे त्याचे म्हणणे होते. दाढ म्हणजे बैल नव्हे, आणि पांढरे दिसते ते भरलेलेच असते, हे रत्नाने त्याला फारसे सौजन्य न दाखवता सांगितले. प्रश्न मात्र चुकीचा नव्हता. या दाढेचा एक एक्स-रे तिरप्या कोनातून घ्यावा, हे ती विद्यार्थिदशेतच शिकली होती. तिने तो घेतला नव्हता, कारण सरळ घेतलेला फारच चांगला आला होता.

तिने यंत्राची नळी वीस अंश फिरवली.

पडद्यावर दोन मुळांतल्या रेघा मधोमध होत्या. तिसऱ्यातली एका कडेला सरकली होती. मुळात एकच नलिका असती तर रेघ कोणत्याही कोनातून मधोमध दिसली असती. म्हणजे त्या मुळात आणखी एक नलिका होती. निम्म्याहून अधिक माणसांत ती असते. रत्नाने ती शोधलीच नव्हती. तीन नलिका उत्तम बंद झाल्या होत्या आणि चौथीत जंतू चार महिने सुखाने राहत होते.

तिने ते जसेच्या तसे सांगितले. दाढ पुन्हा उघडावी लागेल, दोनदा यावे लागेल, वाचण्याची शक्यता चांगली आहे.

"चूक कुनाची?"

"माझी."

"मंग भायेर सांगा."

रत्ना बाहेर गेली. तिने बाकासमोर उभे राहून सांगितले की या दाढेत चार नलिका होत्या, आपण तीनच भरल्या आणि सूज त्यामुळे आली. एक बाई पिशवी घेऊन निघून गेली.

आत येऊन तिने पुन्हा विचारले, दाढ वाचवू का.

"खोटा बैल दिल्याला मानूस," कुशाबा म्हणाला, "त्याच्याकडनं म्या दुसरा घेत न्हाई."

दाढ काढायला अकरा मिनिटे लागली. तिन्ही मुळे अखंड निघाली. रत्नाने ती धुऊन भिंगाखाली धरली. तिसऱ्या मुळाच्या टोकाशी दोन छिद्रे होती: एक भरलेले, दुसरे केसाएवढे, काळे. दाढ कापून आतून पाहायची आहे, ठेवून घेऊ का, असे तिने विचारले. कुशाबाने हात पुढे केला, दाढ घेतली, रुमालात गुंडाळून खिशात घातली. जाताना भिंतीवरची फ्रेम उतरवून तिच्या हातात दिली.

"फोटो तुमचा," तो दातांत कापूस धरून म्हणाला. "दाढ माझी."

तो बैलबाजाराच्या दिशेने गेला. पुढचा क्रमांक गेणभाऊंचा होता. खुर्चीत बसल्यावर ते म्हणाले की त्यांचीही काढूनच टाकावी. फोटो नको म्हणाले.