दुपारचे फोन

"अहो, भर दुपारी दोनला फोन? कोणी गेलंय का?"

मैत्री गजभियेच्या हातून मोबाइल सुटायचाच राहिला. "नाही हो काका. डोळ्यांच्या दवाखान्यातून बोलतेय. उद्या तुमची तपासणी आहे, आठवण करून द्यायला..."

"तपासणी आहे लक्षात. झोप मोडलीत, तिचं काय करायचं ते सांगा." कसबा पेठेतल्या रंगनाथरावांनी फोन ठेवून दिला.

नोकरीचा पहिला दिवस होता. वर्ध्याहून लग्न होऊन बिबवेवाडीत आलेल्या मैत्रीला घराबाहेर पडायची सोय नव्हती. सासूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. घरबसल्या कामाच्या जाहिराती पेपरात रोज यायच्या. एका गृहस्थाने संगणकाच्या कामासाठी अनामत घेतली आणि तो ऑफिसला कुलूप लावून पसार झाला. या दवाखान्याने एक पैसा मागितला नाही, उलट मोबाइल दिला. तरी मैत्री तिथे जाऊन बाकावर बसून आली होती, खरे डॉक्टर ये-जा करतात ना ते बघायला!

दुपारी सासूबाई झोपल्या की घर शांत. तेव्हा फोन केले म्हणजे पलीकडच्याला आपण ऑफिसातच बसलोय असं वाटेल, असा तिचा बेत. त्या वेळी अख्खं जुनं पुणं झोपलेलं असतं, हे वर्ध्याच्या माणसाला कोण सांगणार? तिने यादीतला एकही पेशंट सोडला नाही. सगळ्यांची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी दवाखान्याचे व्यवस्थापक दीनानाथराव यांचा फोन आला.

"गजभिये बाई, तक्रारी ऐकून कान किटले माझे."

"चुकलं जी माझं, सर. पण काम नका काढून घेऊ न."

"काढून कशाला घेऊ? आधी ज्यांना हे काम दिलं, ते घरी बसून नुसतंच 'सगळे फोन केले' म्हणून कळवायचे. पेशंट काही यायचे नाहीत. घरबसल्या करायचं काम देताना माणूस खरा की खोटा, आम्हाला कसं कळणार? आज कळलं. आपण सबंध पेठ उठवलीत. उद्यापासून सकाळी करा."

मैत्रीला रडूच फुटलं. इतके दिवस ती खरं काम शोधत होती. खरा माणूस शोधत कोणी बसलं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिरकस बोलणाऱ्या दीनानाथरावांचे फार उपकार वाटले तिला.

सकाळी पहिला फोन शनिवार पेठेतल्या गोदाबाईंना. बोलणं सुरू होतंय तोच आतून सासूबाईंनी हाक मारली. मैत्रीने मोबाइलवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

"कोण हो ते?" गोदाबाईंनी विचारलं.

मैत्रीने हात काढला. मग म्हणाली, "माझ्या सासूबाई. आजारी असतात. मी घरूनच काम करते, आजी."

"मग आधी त्यांचं बघून या. मी आहे फोनवर."

मैत्रीने सासूबाईंना पाणी पाजलं, उशी सारखी केली, तोंड पुसलं. परत येऊन मोबाइल कानाला लावला तर पलीकडे रेडिओ चालू होता आणि गोदाबाई थांबल्या होत्या.