व्हॅक्यूमची मालकीण

आधीच सांगते, माझ्या तोंडाला लगाम न्हाई. आमच्या गल्लीत कुणालाही महानंदाचं घर विचारा, लोक आधी हसतील, मग पत्ता सांगतील. मला त्याचं कधी काही वाटलं न्हाई. जे दिसतं ते बोलायचं, त्यात शरम कसली? पण दोन हजार अकराच्या दसऱ्याला जे झालं ते माझ्या ह्याच तोंडापायी झालं, आणि ते दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

आमचे मालक म्हणजे व्यंकट मिस्त्री. लातूरला रेणापूर नाक्याजवळ सुतारकामाचं आमचं पत्र्याचं शेड हाय, त्याच्यामागं राहायच्या दोन खोल्या. माणूस असा, की दिवसभरात दहा शब्द बोलले तर लई झाले. माझ्यासारखी बायको पदरात पडल्यावर दुसरं काय करतील म्हणा! पण हात सोन्याचा. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. पार हदगाव-किनवटची पोरं डॉक्टर व्हायला इथं येऊन राहायची. क्लासला बाकडी पाहिजेत, होस्टेलला टेबलं पाहिजेत, आणि सगळ्यांना ती कालच पाहिजेत. एवढ्या घाईत सागवान कोण घेतंय? सगळं काम बोर्डाचं, म्हणजे भुसा दाबून केलेल्या तयार फळ्यांचं. सागाचा भुसा जाड असतो, गुमान खाली पडतो. बोर्ड कापला की मैद्यासारखं पीठ उडतं आणि तासभर हवेतच राहतं.

त्या पिठानं ह्यांची छाती धरली. दोन पायऱ्या चढले तरी दम लागायचा, रात्री उशीला टेकून बसायचे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की धूळ तरी सोडा, न्हाईतर धंदा तरी सोडा. धंदा सोडून काय करणार होते? हातातला रंधा काढून घेतला तर हा माणूस वर्षात संपंल, हे मला डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणून मी म्हटलं, धूळच जाईल.

मला धुळीचं एवढं भ्याव का, तेही सांगते. त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातल्या आमच्या घराच्या माळवदाखाली, त्या मातीच्या छताखाली, मी दुपारपर्यंत दबून होते. एकोणीस वर्षांची होते. नाकात माती, तोंडात माती. वर माणसं बोललेली ऐकू यायची आणि मला हाक मारता यायची न्हाई. माय गेली, धाकटा भाऊ गेला, मी राहिले. पुढं पुनर्वसनाच्या घरांना दारं-चौकटी बसवायला हे आमच्या गावी आले, तिथंच आमचं लग्न जमलं. तर दम कोंडणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. हे तोंडाला रुमाल बांधून काम करायचे, तर तसं बांधलेलं तोंडही मला बघवायचं न्हाई.

नांदेडला ह्यांच्या ओळखीचे वीरण्णा म्हणून फर्निचरवाले हायत. त्यांनी भुसा ओढायची मोठी मशीन घेतली, तेव्हा जुनी छोटी व्हॅक्यूम मी त्यांच्याकडून मागून आणली. नांदेडहून एसटीनं, पाईप गळ्यात घालून. कंडक्टर मला वर-खाली बघून राहिला होता. वीरण्णांनी मला सगळं नीट शिकवलं होतं. ड्रम अर्धा भरला की रिकामा करायचा. पाईप मुडपू द्यायचा न्हाई. आत कागदाचा, घड्याघड्यांचा फिल्टर असतो. बारीक धूळ त्यातच अडते, म्हणून तो रोज काढून हळूच झटकायचा. कोंदला की मशीन ओढत न्हाई.

झालं, मी त्या मशीनची मालकीणच झाले. हे बोर्ड कापायला लागले की पाईपचं तोंड कटरजवळ मीच बांधायची, काम संपलं की फिल्टर मीच काढायची. एकदा मी बाजारात गेलेली असताना ह्यांनी तो झटकला आणि एक घडी चेपली. मी आल्या आल्या तोंड सोडलं, "तुम्हाला काय कळतं त्यातलं?" ते वाक्य मला इतकं आवडलं की पुढं वर्षभर मी ते वापरलं. मशीनला बोट लागलं तरी, तुम्हाला काय कळतं. आवाज बदलल्यासारखा वाटतोय म्हटले तरी, तुम्हाला काय कळतं. हे हसून बाजूला व्हायचे. आणि खरं सांगते, खोकला कमी झाला होता. रात्री आडवे होऊन झोपायला लागले होते. मी तर रुमाल चुलीत घातला. म्हटलं, आता मशीन हाय, मोकळ्या तोंडानं काम करा.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी सुताराच्या घरात सगळी हत्यारं धुऊन-पुसून मांडायची, हळदीकुंकू वाहायचं, दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा न्हाई. करवत, रंधा, पटाशा ह्यांनी घासल्या. मशीन माझ्याकडं. ड्रम धुतला, पाईप धुतला. फिल्टर हातात घेतला आणि मनात आलं, नुसता झटकून कितीसा साफ होणार? वर्षाचा सण हाय, हाही न्हाऊ दे. नळाखाली धरला, कपड्याच्या ब्रशनं घडी न् घडी घासली. पांढराशुभ्र निघाला. दुसऱ्या दिवशीही उन्हात ठेवला, मग परत बसवला. मला कोण कौतुक वाटलं स्वतःचं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. दिवाळीनंतर उघडणाऱ्या एका क्लासची साठ बाकडी करायची होती. पाईप बांधून मी घरात भाकरी थापायला गेले. मशीनचा आवाज नेहमीपेक्षा मोकळा येत होता. मी तव्यापाशी बसून खूश, की बघा, धुतल्यावर कशी सुटली. थोड्या वेळानं ध्यानात आलं की मशीन चालू हाय, पण कटर थांबलाय.

शेडमध्ये गेले तर समोरचं दिसंना. सगळी हवा पांढरी. मशीनच्या मागच्या भोकातून पीठ फवाऱ्यासारखं बाहेर येत होतं, आणि हे बाकड्याचा पाय धरून खाली बसलेले, ओठ काळेनिळे. शेजारच्या संगप्पांनी रिक्षा काढली, आम्ही दोघांनी उचलून ह्यांना दवाखान्यात नेलं.

तिथं तोंडाला वाफेचा मास्क लावला, सुया दिल्या. दोन तासांनी डॉक्टर म्हटले, आता भीती न्हाई, पण थोडक्यात वाचले. माझ्या जिवात जीव आला, तसा तोंडातही आला. मी खाटेजवळूनच वीरण्णांना फोन लावला आणि अशी झाडायला लागले की बाकीचे पेशंट बघत राहिले. कसली खराब मशीन आमच्या गळ्यात मारली, माणूस मेला असता म्हणजे? ते बिचारे शांतपणे ऐकत होते. मग एवढंच विचारलं, "वहिनी, फिल्टरला पाणी लागलं होतं का?"

मी म्हटलं, लागलं म्हणजे? चांगला ब्रशनं घासून धुतला. ते सांगून राहिले की तो कागद हाय, पाण्यानं घासला की खालचा डिंक सुटतो, फट पडते, मग बारीक धूळ आत न अडता सरळ मागून बाहेर येते. मी फोन ठेवला. माझ्याच हातानं मी ह्यांच्या नाकात धूळ भरली होती. ह्यांच्यापाशी स्टुलावर बसले आणि कबूल केलं, की चूक माझी हाय, फिल्टर मी धुतला.

ह्यांनी मास्क जरा बाजूला केला. म्हटले, "मला दिसलं होतं. पहिल्याच बोर्डाला मागून धूर निघायला लागला."

"मग बंद का केली न्हाई?"

"तुला हाक मारणार होतो. मग वाटलं, तू म्हणशील, तुम्हाला काय कळतं त्यातलं." आणि हसले. रागानं न्हाई हो. साधं, रोजच्यासारखं हसले, आणि मास्क परत लावून डोळे मिटले.

माझ्या नवऱ्याला समोर मरण दिसत होतं आणि त्याला त्यापेक्षा माझ्या बोलण्याचं भ्याव वाटलं. माळवदाखाली मला हाक मारता येत न्हवती, कारण तोंडात माती होती. ह्यांचं तोंड मोकळं होतं, आणि ते मी बंद केलं होतं.

आठ दिवसांनी वीरण्णांनी नवा फिल्टर एसटीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवला. मी तो ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, तुम्हीच बसवा, आणि आजपासून मशीन तुमची. ह्यांनी तो आधी उलटा धरला. देवाशपथ, मी ओठ दाताखाली धरून उभी राहिले. मग त्यांचं त्यांनाच कळलं, सरळ केला, बसवला, तोंडाला नवा रुमाल बांधला, बटण दाबलं आणि मागच्या भोकाजवळ तळहात धरून लई वेळ बघितलं. हवा साफ होती.

त्या दुपारी जेवायला बसले. दोन घास खाल्ले, थांबले, ताटाकडं बघून म्हटले, "अगं, तुझ्या आमटीत मीठ लई असतं."

"आज?"

"न्हाई. लग्नापासून."

सोळा वर्षं हा माणूस ती आमटी गुमान खात होता. मी पातेलं उचलून चुलीजवळ गेले, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि भिंतीकडं तोंड करून पोटभर रडले. मग डोळे पुसून विचारलं, "अजून काय काय सांगायचं राह्यलंय, ते सगळं सांगा. मी बोलणार न्हाई."