शेवटची तीन बोंडं

फेखीचं, म्हणजे आमच्या रेताड माळावरच्या फुलझुडपाचं, बी माझं ऐकतं, हे अख्खं कामिसक्रून गाव जाणतं. चाळीस वर्षं नर्सरीत तेच तर केलं. म्हणून माझा धाकटा भाऊ सारेल गेल्यावर त्याची बायको लेना मूठभर वाळकी बोंडं घेऊन माझ्याकडेच आली. त्याच्या शेळ्यांच्या तळावरची ती गुलाबी फेखी तिला त्याच्या थडग्यावर हवी होती. त्या टेकडीवर आता खाण लागलीय, म्हणजे बी एवढंच. मी म्हटलं, दहा दिवसांत उगवलं नाही तर नाव बदलीन.

एप्रिलात पेरलं, आमच्याकडे तेव्हा हिवाळा तोंडावर असतो. माझ्या दारात शेळ्या मोकाट, म्हणून ट्रे तिच्या ओट्यावर ठेवला. अठरा दिवस झाले तरी काही नाही. डोराचा हात म्हातारा झाला, असं दुकानात बोलायला लागले. बोलेनात का! पण आतून चरकलेच. जाऊन बोटानं चाचपलं आणि डोकंच फिरलं. वर बोटभर वाळू! हे बी धुळीएवढं, उजेड लागला तरच उगवतं. मी नुसतं वर भुरभुरलं होतं.

"हा शहाणपणा कुणाचा?"

"माझा, वन्सं," लेना म्हणाली. "रात्री गारठा पडायला लागला. उघड्यावर टाकवेना मला."

तिला चांगलीच फैलावर घेतली. मग घरी जाऊन राखलेली तीन बोंडं घेऊन आले. सगळं बी एकदम पेरायला मी काय खुळी आहे? बशीत ठेवून त्यांच्यावर थेंब थेंब पाणी सोडलं. ही बोंडं पाऊस लागल्याशिवाय उघडत नाहीत. एकेक पाकळी हळूहळू मागे सरली. लेनानं हे कधी पाहिलं नव्हतं.

"शेवटी शेवटी तेही असंच करायचे," ती म्हणाली. "ओठांना ओलं फडकं लावलं की तोंड उघडायचे."

मला ठाऊक नव्हतं. तेव्हा सप्टेंबर होता, फुलांचा हंगाम, मी नर्सरीत गिऱ्हाईकं करत होते. त्याला बघायला एकदाच गेले होते, तेही घाईत. माझ्या डोळ्यांना धार लागली. लेनानं बशी माझ्या हातातून काढून घेतली.

पेरायला तिलाच लावलं. वाळूला हात लावायचा नाही, हे दोनदा बजावलं.

"उगवेल ना, वन्सं?"

"उगवेल. फूल मात्र पुढच्या वर्षी सप्टेंबरात," मी म्हटलं. "त्या महिन्यात नर्सरीत दुसरं कुणीतरी बघेल. मी सारेलच्या थडग्यापाशी असेन."