सुटलेली सात नावं

‘इनव्हॅलिड कर्सर’ ही अक्षरं सकाळपासून नवव्यांदा पडद्यावर उमटली. कुंडलिकने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

मुरबाडच्या कारखान्यात तो सोळा वर्षं कारकून होता. कॉम्प्युटर आला आणि तोही त्याच्याच गळ्यात पडला. साल दोन हजार तीन. कायम करायच्या कंत्राटी बायकांची यादी दुपारी मुंबईला जायची होती, आणि प्रोग्राम बाविसाव्या नावावर अडून बसला होता. कर्सर म्हणजे यादीवरून एकेक नाव पुढे सरकणारं बोट. ते बोटच मध्ये उचललं जात होतं.

“झाली का यादी?” साहेबांनी दारातून विचारलं.

“एरर येतोय, सर. संध्याकाळपर्यंत शोधतो.”

“गाडी दोनला सुटते. काहीतरी कर.”

कुंडलिकने काहीतरी केलं. एरर आला की ते नाव सोडायचं आणि पुढच्या नावापासून यादी पुन्हा उघडायची. कागद झरझर छापून निघाले. त्याला इतकं हायसं वाटलं, की नावं मोजायचं सुचलंही नाही.

खरी चूक दुसऱ्या दिवशी सापडली. डोळखांबकडच्या बायका भातलावणीला दरवर्षी चार दिवस रजा घेत. रजेची नोंद तपासून झाली की, नाव छापायच्या आधीच, प्रोग्राम नोंदीबरोबर नावांची यादीही बंद करत होता. एक ओळ चुकीच्या जागी होती, बस. म्हणजे जी लावणीला गेली, नेमकं तिचंच नाव सुटलं. सात बायका. कुंडलिकने तसंच जाऊन साहेबांना सांगितलं.

“सह्या झाल्या रे. आता पुढच्या वर्षी बघू,” साहेब म्हणाले.

“सर, त्यातल्या सुंदराबाई पुढच्या वर्षी रिटायर होतात.”

साहेबांनी वाजणारा फोन उचलला आणि हातानेच त्याला जायची खूण केली.

शनिवारी यादी फाटकावर लागली. पॅकिंगमध्ये अकरा वर्षं काढलेली सुंदरा त्याचीच वाट बघत उभी होती.

“कुंडलिकभाऊ, मला वाचता येत नाय. माजा नाव कुठं हाय, तिथं बोट ठेव.”

सांगून टाकायचं त्याचं धाडस झालं नाही. पहिल्या नावावर बोट ठेवून तो वाचत गेला. पारू. लहानी. तानी. बोट कागदाच्या खालच्या कडेला आलं.

“संपली?”

“लावणीला गेलेल्यांची नावं माझ्या हातून सुटली, सुंदराबाई. चूक माझी आहे.”

ती कागदाकडे बघत राहिली.

“लावणीला तर जायाच लागतं,” ती हळूच म्हणाली.

भोंगा झाला. तिने डब्याची पिशवी उचलली आणि रोजच्यासारखी कंत्राटी बायकांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. कुंडलिकचं बोट अजून कागदाच्या कडेवरच होतं.