सुभेदारांचा सल्ला

बुटाच्या नाडीचं टोक उसवलं होतं आणि ते काही केल्या भोकात शिरत नव्हतं – हौशीराम सुभेदारांनी ते ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत पीळ दिला, पुन्हा नेम धरला, आणि नाडी पुन्हा दुमडली. इराकच्या वाळूत डोळे मिटून नाड्या बांधणारी हीच बोटं. आता जरा वाकलं की पाठ बोलते... पण पाठ आहे, बोटं आहेत, औंढ्याच्या या ओसरीवर पौषाचं ऊन आहे. एवढं सगळं आपल्या वाट्याला शिल्लक राहिलं, याचं त्यांना म्हातारपणीही रोज नव्यानं नवल वाटायचं.

"आवं, लक्ष कुटं हाय? च्या निवला की." शालूबाईनं बूट ओढून घेतला, एका दमात नाडी ओवली. "म्हाराजांस्नी काय सांगनार, ठरलं का?"

"न्हाई."

"मंग वाटंनं ठरवा. तकडं रतनबाईच्या डोळ्याला डोळा न्हाई."

रतनबाई त्यांची धाकटी बहीण. तिचा एकुलता एक बजरंग घाटाखालच्या एका लहानशा संस्थानाच्या पलटणीत नाईक होता, आणि त्याला तिथं भरती करणारे खुद्द मामाच होते.

त्या संस्थानचे महाराज हिवाळ्यात लोणावळ्याच्या बंगल्यावर असत. त्यांनी मोटार पाठवतो म्हटलं होतं, पण सुभेदार पायीच निघाले. भात निघून गेलेल्या खाचरांत वालाची हिरवळ धरली होती. बांधावरचे लोक हात जोडत होते, आणि ते प्रत्येकाला थांबून नमस्कार करत होते. या माणसांनी काय दिलं नाही आपल्याला? शिपायाचा सुभेदार झालो तो सरकारच्या कागदावर, पण सुभेदाराचा लोकल बोर्डाचा मेंबर यांनी केला, तिथून मुंबईच्या कायदेमंडळात यांनीच नेऊन बसवलं, आणि त्या खुर्चीमुळेच महाराजांनी बोलावून संरक्षणाचा सल्लागार नेमलं. सल्लागार! नांगरामागं चालणाऱ्या बापाला हा शब्द उच्चारतासुद्धा आला नसता.

आणि आज तोच शब्द पायात अडकत होता. संस्थान विलीन करा, पलटण मोडा, असा दिल्लीचा निरोप आला होता. दरबारातले काही मानकरी म्हणत होते, लढू. महाराज म्हणाले होते, सुभेदारसाहेब सांगतील तसं.

लढायला पोरं तयार होतीच – ती तयार केली कुणी? भरतीच्या दिवशी कागदावरच्या शपथेवर अंगठे उठले, तेव्हा सुभेदारांना ते फार कोरडं वाटलं होतं. कागदाला कोण भितो? म्हणून त्यांनी गावाकडची रीत धरली. खंडोबाचा भंडारा ताटात ओतला आणि एकेका पोराला तो मुठीत उचलायला लावला – बंदूक खाली ठेवणार नाही म्हणून. महाराज उद्या सही करून मोकळे होतील, भंडारा उचललेल्या पोरांनी काय करायचं? तेव्हा किती हुशारी वाटली होती आपली आपल्याला!

चढावर ते थांबले. दम लागला होता... दम लागला की अंबाजी आठवायचे.

अंबाजी सुभेदार, बेडशाचे. समोर इराकचं उघडं माळरान, पलीकडे तुर्कांच्या तोफा, आणि साहेबाचा हुकूम – पुढं व्हा. अंबाजींनी एकदा माळाकडं पाहिलं, एकदा पोरांकडं, आणि म्हणाले, "निजा रं समदी. कुनी उठायचं न्हाई. साहेबाला काय सांगायचं त्ये मी सांगतो." त्यांचा हुद्दा गेला, पेन्शन गेलं. गावात ते शेवटपर्यंत मान खाली घालून वावरले. आणि त्या दिवशी जमिनीला छाती लावून पडलेला एक पोरगा उठला, घरी आला, शालूबाईशी लग्न केलं, भाषणं ठोकली, हार घालून घेतले... माझं सगळं आयुष्य त्या एका माणसानं ऐकलं नाही म्हणून आहे. हे त्यांना मी कधी धडपणे सांगितलंसुद्धा नाही. सांगायची रीत एकच उरली होती, आणि ती आता समोर आली होती.

बंगल्याच्या व्हरांड्यात महाराजांनी स्वतः खुर्ची पुढं केली. "सुभेदारसाहेब, आपण किती दिवस तग धरू?"

"एकही नाही, महाराज. पोरं मरतील तेवढी, बाकी काही होणार नाही. पलटण मोडा. आणि दरबारात ठपका ठेवायचा झाला तर सल्लागारावर ठेवा. त्याला हुद्द्यावरून काढलं म्हणा."

"विचार करतो," महाराज एवढंच म्हणाले.

फाटकावर पहाऱ्याला बजरंगच होता. महाराजांबरोबर पलटणीची एक तुकडी आली होती. "काय ठरलं, मामा?"

"म्हाराज ठरवतील. मी बंदुका खाली ठेवा म्हनलोय."

बजरंगाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आनि भंडारा?"

"भंडारा माज्या शब्दावर उचललाय तुमी. त्याचं जे काय व्हईल, ते माज्या डोक्यावर. खंडोबाला मी सांगीन."

"लय सोपं केलंत तुमी, मामा," बजरंग म्हणाला. "आमी गावात तोंड कसं दावायचं?" आणि त्यानं पाठ फिरवली. सलामसुद्धा केला नाही.

सुभेदार तिथंच उभे राहिले. समजूत घालावी, अंबाजींचं नाव सांगावं, असं ओठांवर आलं, पण त्यांनी ते बाहेर पडू दिलं नाही. पोराची मान घामानं भिजली होती, आणि त्या मानेवरची शीर रागानं ताडताड उडत होती... उडत होती, थांबत नव्हती. त्यांना एकदम भरून आलं. कुणाचे उपकार मानावेत ते कळेना, तरी हात जोडावेसे वाटले. बोलू नकोस, बाबा. पाच वर्षं, दहा वर्षं बोलू नकोस माझ्याशी – तेवढी वर्षं मात्र तुला असू देत.